फेब्रुवारीतले वाळवंट: बेळगावच्या सहा आरोहकांनी स्थळ कसे निवडले

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तीन ठिकाणच्या सहा प्रस्तरारोहकांचे आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र बैठकांच्या टिपणवहीत आहे तसाच ठेवला आहे. ती वही आणि हिशेब दोन्ही माझ्याकडे होते, त्यामुळे माझ्या चुका झाकण्याची सोय मला नाही.

गटात एक माध्यमिक शाळेतील शिक्षक, उद्यमबागेतील फाउंड्रीत काम करणारा एक अभियंता, निपाणीकडचा एक ऊस उत्पादक तरुण, खानापूरची एक परिचारिका, लेखापालाच्या कार्यालयात काम करणारा मी आणि ज्यांना सगळे अण्णा म्हणतात ते अठ्ठावन्न वर्षांचे ज्येष्ठ आरोहक, असे सहा जण होते. सुरुवात सगळ्यांचीच सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर झाली होती. गेली सहा-सात वर्षे मात्र हिवाळ्यातले शनिवार-रविवार बदामीला जात होते, कारण बेळगावपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असा बोल्ट (दोर अडकवायला कातळात कायमचे बसवलेले खिळे) ठोकलेला, पक्का, उभा कातळ दुसरीकडे मिळत नाही.

बेळगावचा माणूस दोन प्रकारच्या कातळांच्या सीमेवर राहतो. पश्चिमेकडे दख्खनचा बेसाल्ट आणि त्यावरचा जांभा, तर पूर्वेला गोकाकपासून कलादगी खोऱ्याचा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट सुरू होतो. घटप्रभा गोकाकला 52 मीटर ज्या कड्यावरून कोसळते तो याच कुळातला, आणि बदामीच्या लाल भिंतीही त्याच खोऱ्यातल्या. हा भूगोल इथे सांगण्याचे कारण असे की पुढचा सगळा गोंधळ ‘वालुकाश्म’ या एका शब्दातून निर्माण झाला.

तारीख आधी ठरली

सप्टेंबर 2024 मधल्या पहिल्या बैठकीत स्थळाचा विषय निघण्यापूर्वीच तारखा ठरून गेल्या. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा असल्याने शिक्षकांना फेब्रुवारीनंतर रजा मिळणार नव्हती. वर्षअखेरीमुळे मार्चमध्ये मी आणि अभियंता दोघेही अडकलेले होतो. निपाणीच्या तरुणाचा ऊस कारखान्याला जाण्याची पाळी जानेवारीअखेरपर्यंत येणार होती आणि त्याआधी तो शेत सोडू शकत नव्हता. परिचारिकेची रजा आधीच मंजूर होती, तीही फेब्रुवारीचीच. उरले ते 13 ते 24 फेब्रुवारी हे बारा दिवस, प्रवासासह.

त्याच बैठकीत शिक्षकांनी मोबाइलवर जॉर्डनमधल्या वादी रमचे एक छायाचित्र दाखवले. तांबड्या वाळूतून सरळ उभी राहिलेली भिंत, तिच्या मध्यावर दोराला लटकलेला एक माणूस, आणि खाली ठिपक्याएवढी जीप. ते पाहून झाल्यावर ‘वाळवंटात चढाई’ हे शब्द उच्चारले गेले आणि ते मनातून पुन्हा गेले नाहीत. तारीख व्यवहाराने ठरवली आणि जागा छायाचित्राने; या दोन गोष्टी एकमेकींना मानवतात का, हे त्या दिवशी कोणी तपासले नाही. वहीत मी ‘स्थळ: वाळवंट’ असे लिहून खाली रेघ मारली होती.

अडचण

वरवर पाहता प्रश्न पैशाचा आणि विसाचा होता. खरी अडचण वेगळी होती. सहापैकी केवळ शिक्षक आणि अण्णा यांनाच बोल्ट नसलेल्या भेगेत स्वतःचे कॅम आणि नट (भेगेत अडकवून नंतर काढून घ्यायची धातूची साधने) बसवत लीड करण्याचा, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढण्याचा, सराव होता. बाकी चौघांची सगळी चढाई बोल्टमध्ये क्विकड्रॉ (दोर ओवायच्या कड्यांची जोडी) अडकवून झालेली. वादी रममध्ये बोल्ट कमी आहेत. अनेक ठिकाणी चढाई स्वतः बसवलेल्या साधनांवर आणि उतराई कातळाभोवती गुंडाळलेल्या पट्ट्यांवर होते.

ऑक्टोबरमधल्या बैठकीत हा मुद्दा निघाला तेव्हा निपाणीकर तरुण म्हणाला, “सर, बदामी पण वाळूचाच खडक की ओ. आपण काय नवीन करतोय?” कोणी उत्तर दिले नाही. हे मौन म्हणजे होकार असे आम्ही सगळ्यांनी समजून घेतले.

वस्तुतः दोन्ही कातळांत साम्य आहे ते रंगाचे. बदामीचा वालुकाश्म प्रोटेरोझोइक या अतिप्राचीन काळातला, सिलिकाने घट्ट बांधलेला आणि बोटाला काचेसारखा कडक लागणारा आहे. वादी रमच्या लाल भिंती सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या, उम्म इश्रिन या थराच्या आहेत, आणि माथ्यावर दिसणारे पांढरट घुमट त्यावरच्या दिसी थराचे. तिथे एकाच भिंतीवर दहा मीटर उत्तम कातळ आणि त्यापुढे साखरेसारखा सुटणारा पापुद्रा असे दोन्ही मिळते. कॅम भेगेच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या दिशेने दाब देऊन टिकतो. बाजूचे कण सुटू लागले की तोच कॅम भार आल्यावर घसरत खाली येतो. मऊ वालुकाश्म भिजला तर आणखी कमजोर होतो, कारण कणांना धरून ठेवणारी माती आणि चुना पाण्याने सैल पडतात. अमेरिकेतील नेव्हाडाच्या रेड रॉक भागात पाऊस पडून गेल्यावर 24 ते 72 तास चढू नये हा आरोहकांचा दंडक आहे, तो याच कारणाने.

तुलनेत आलेली ठिकाणे

अमेरिकेतील ठिकाणे विसाच्या मुलाखतीला लागणाऱ्या वेळेमुळे पहिल्या पाच मिनिटांतच गळाली.

राजस्थान हा सर्वांत स्वस्त पर्याय होता. बेंगळुरू–जोधपूर गाडी बेळगावावरून थेट अबू रोडला जाते, सामानाच्या वजनाची मर्यादा विमानाइतकी कडक नाही, आणि माउंट अबूचा ग्रॅनाइट फेब्रुवारीत चढाईला उत्तम असतो. अडचण इतकीच की अबू वाळवंटात नाही. जोधपूरचा ज्वालामुखीजन्य ऱ्हायोलाइट वाळवंटाच्या तोंडाशी आहे, पण मेहरानगडाभोवतीचा कातळ वारसास्थळाच्या परिसरातला; तिथे दोर टाकण्याचा विचार आम्ही केला नाही.

मोरोक्कोमधील तोद्रा घळ मला स्वतःला पसंत होती. तीनशे मीटरपर्यंत उंच चुनखडीच्या भिंती, भरपूर बोल्ट केलेले मार्ग, आणि ऊन-सावली पाहून बाजू बदलता येण्याची सोय. विमानभाडे आणि प्रवासाचे दिवस मोजल्यावर बारापैकी पाच दिवस रस्त्यात जाणार होते.

ओमानचा पर्याय परिचारिकेने मांडला. हजर पर्वतरांगेत चुनखडी आहे, त्यात जबल मिश्तसारख्या जवळपास एक किलोमीटर उंच भिंतीही आहेत आणि बोल्ट केलेले लहान मार्गही. तिथला चढाईचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आमच्या तारखा हंगामाच्या आतल्या. मुंबईहून मस्कत थेट विमानाने अडीच-तीन तासांवर. त्यातच तिचा मामेभाऊ मस्कतमध्ये नोकरीला, त्यामुळे दोन-तीन रात्रींची सोय घरची. कागदावर हा पर्याय इतका सरळ होता की तो नाकारायला कारण शोधावे लागले. शेवटी कोणीतरी म्हणाले की ओमानचे डोंगर करडे आहेत, आणि हे कारण त्या बैठकीत पुरेसे ठरले.

वादी रमच्या बाजूने छायाचित्राखेरीजही काही होते. इथल्या बदू (बेदुइन) जमातीच्या शिकाऱ्यांनी रानबोकडांच्या मागे जाताना शोधलेल्या वाटा दोराची फारशी गरज न लागता मोठ्या डोंगरांच्या माथ्यांवर जातात. 1984 मध्ये टोनी हॉवर्ड या ब्रिटिश आरोहकाने सोबत्यांसह येऊन त्यांची माहिती बाहेरच्या जगाला दिली. ज्यांची अर्धी जडणघडण सह्याद्रीतल्या घळी आणि नाळा शोधण्यात झाली आहे त्यांना हा प्रकार आपला वाटणे स्वाभाविक होते. 2011 पासून हा प्रदेश जागतिक वारसा यादीत आहे. जॉर्डन पास 70 दिनारांना मिळतो. किमान तीन रात्री राहिल्यास 40 दिनारांचे विसाशुल्क माफ होते आणि पेट्रा व वादी रमचे प्रवेशशुल्कही त्यातच येते. दिनार तेव्हा 120 रुपयांच्या घरात होता, म्हणजे ही सवलत लहान नव्हती. रमजान 1 मार्चच्या सुमारास सुरू होणार असल्याने त्याआधी परतणे जमत होते.

विरोधात तीन गोष्टी होत्या. वादी रमचे चांगले ऋतू वसंत आणि शरद. फेब्रुवारीत रात्र गोठणबिंदूजवळ जाऊ शकते आणि पाऊसही येऊ शकतो. दुसरे, 1 ऑक्टोबरला इराणने इस्राएलवर क्षेपणास्त्रे सोडली तेव्हा जॉर्डनने आपले हवाई क्षेत्र काही काळ बंद ठेवले होते, ही ताजी घटना सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तिसरी गोष्ट परिचारिकेने एका प्रश्नातच मांडली: भिंतीवर कोणाचा पाय मोडला तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत किती तास? मोठे रुग्णालय अकाबात, रम गावापासून सुमारे 60 किलोमीटरवर. पण भिंतीवरून गावापर्यंत माणूस आणायचा कोणी, याचे उत्तर वहीत कोरेच राहिले.

बदामीची चाचणी आणि तिचा चुकीचा अर्थ

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बदामीला एक चाचणी घेतली. बोल्ट केलेल्या मार्गांवर बोल्टचा आधार ठेवूनच, पण ते नाहीत असे मानून, चौघांनी भेगांत कॅम आणि नट बसवत चढायचे आणि मागून अण्णांनी प्रत्येक साधन ओढून पाहायचे असे ठरले. पहिल्या दिवशी दर तीनांतले एक साधन अण्णांच्या हातात आले. दुसऱ्या दिवसापर्यंत प्रमाण बरेच सुधारले, आणि परतताना गाडीत उत्साह होता.

त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, जिचे महत्त्व मला फार उशिरा कळले. रात्री पावसाची एक सर आली होती. सकाळी कातळ ओला होता, पण दहा वाजेपर्यंत उन्हाने कोरडा झाला आणि आम्ही निर्धास्त चढलो. काहीही तुटले नाही. बदामीचा कातळ कडक असल्याने तुटणारच नव्हते; आम्ही मात्र ‘सर येऊन गेली तरी दुपारपर्यंत चढता येते’ असा धडा घरी नेला. चुकीच्या जागी घेतलेली परीक्षा पास होणे हे नापास होण्यापेक्षा महाग पडते, कारण नापास झाल्यावर माणूस निदान पुन्हा विचारतो.

निर्णय

डिसेंबरच्या मध्याला रम गावातील एका वाटाड्याशी फोनवर बोलणे झाले. तो बदू कुटुंबातला, चढाईचे काम वर्षानुवर्षे करणारा होता. आम्ही किती अवघड मार्ग चढतो ती श्रेणी त्याने विचारली नाही, किती मीटरचे दोर आहेत हेही विचारले नाही. अंधारात स्वतः दोर लावून किती जण उतरू शकतात, एवढे विचारले. फोन स्पीकरवर होता. शिक्षकांनी अण्णांकडे पाहिले आणि दोन असे सांगितले. तिकडून तो म्हणाला की मग आपण वेगळ्या डोंगरांविषयी बोलू.

या एका प्रश्नाने सहलीचे स्वरूप बदलले. वादी रमच्या डोंगरांवर चढण्यापेक्षा उतरणे गुंतागुंतीचे आहे: घुमटांच्या चक्रव्यूहातून वाट शोधायची, मध्येच रॅपलिंग करायचे (दोरावरून खाली उतरायचे), आणि दोर ओढून घेतल्यावर परतीचा मार्ग बंद. सह्याद्रीत ‘उतरण जपून’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तरी तीन महिन्यांच्या चर्चेत उतराईवर एकही नोंद माझ्या वहीत नव्हती.

मतदान झाले. परिचारिका आणि अभियंता ओमानच्या बाजूने, बाकी चौघे जॉर्डनच्या. अण्णांचे मत निर्णायक ठरले असे म्हणता येईल, कारण त्यांनी कारण दिले ते खोडण्याजोगे नव्हते: “तुम्हाला पुढचा फेब्रुवारी आहे. माझा गुडघा तेवढा थांबेल याचा भरवसा मला नाही.” माझे मत मात्र छायाचित्राचे होते, हे आज मान्य करतो.

अल्पमतातल्या दोघांनी येण्याचे कबूल केले, पण चार अटी घातल्या आणि त्या जशाच्या तशा मान्य झाल्या. डोंगरावरच्या प्रत्येक दिवशी वाटाड्या सोबत असेल. दुपारी बारापर्यंत ठरलेल्या टप्प्यावर न पोहोचल्यास परत फिरायचे. पाऊस पडल्यास चढाई केव्हा सुरू करायची हे वाटाड्या ठरवील. आणि तिकिटे पैसे परत मिळणाऱ्या प्रकारचीच घ्यायची, मग ती महाग का असेनात.

तयारी

नेहमीच्या प्रवासविम्यात दोर लावून केलेली चढाई वगळलेली असते, हे आम्हाला पॉलिसीची बारीक अक्षरे वाचताना कळले; स्वतंत्र विमा घ्यावा लागला. त्यात एक अस्सल बेळगावी अडचण आली. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचे अधिकृत नाव बदलले, त्यामुळे काहींच्या कागदांवर जन्मस्थानाचे इंग्रजी स्पेलिंग जुने तर काहींच्या नवे, आणि एकाच्या दोन कागदांवर दोन. हे एकच गाव आहे हे पटवण्यात तीन दिवस गेले. सीमाभागात राहणाऱ्याला गावाच्या नावावरून खुलासे देण्याची सवय असते, त्यामुळे कोणी चिडले नाही.

जानेवारीत दोनदा यळ्ळूरच्या राजहंसगडाजवळ रात्री, डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, दोर लावणे, उतरणे आणि दोर ओढणे यांचा सराव केला. तो कमी पडला, पण केला नसता तर पुढचा सातवा दिवस वेगळा गेला असता.

प्रत्यक्षात काय घडले

अम्मानहून रम गाव सुमारे 320 किलोमीटर आहे. पहिल्या दिवशी बुरदाच्या नैसर्गिक कमानीपर्यंत जाऊन कातळाची ओळख करून घेतली. दुसरा दिवस बर्रा घळीत गेला. तिथल्या सुबक भेगांत शिक्षकांनी लीड केले आणि बाकीच्यांना साधने काढत मागून येता आले. तिसऱ्या दिवशी रकाबत घळीतून उम्म इश्रिनचा डोंगर आरपार केला. हा दिवस सहलीतला सर्वोत्तम होता. अंग शिरेल एवढ्या उभ्या फटी, कपारी, अरुंद कडे, मध्येच रॅपलिंग, आणि शेवटी अचानक पायाखाली उघडणारे लाल वाळूचे मैदान. सह्याद्रीतली नाळ चढून घाटमाथ्यावर यावे तसे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वारा फिरला आणि रात्री तासभर पाऊस झाला. सकाळी नऊ वाजता भिंती कोरड्या दिसत होत्या. निपाणीकर तरुणाने बदामीचा दाखला दिला आणि खरे सांगायचे तर मीही मान डोलावली. वाटाड्या आम्हाला भिंतीच्या पायथ्याशी घेऊन गेला आणि त्याने टाचेने वाळू उकरली. वरचा बोटभर थर कोरडा होता. खाली वाळू गडद आणि ओलसर. मग त्याने जमिनीलगतचा हाताएवढा एक पापुद्रा पकडून सहज उचकटला. खाली जितकी ओल, तितकी आतही, एवढेच तो म्हणाला. ते दोन दिवस चढाई झाली नाही. एक दिवस पेट्रा पाहिले, जे सुमारे 110 किलोमीटरवर आहे आणि ज्याचे पैसे पासमध्ये भरलेलेच होते. दुसरा दिवस तंबूत कुडकुडण्यात गेला.

सातव्या दिवशी जबल रमच्या माथ्यावर जाणाऱ्या हमदच्या वाटेला हात घातला. माथा 1734 मीटर, म्हणजे गावापासून साधारण आठशे मीटर वर. त्या अक्षांशावर त्या आठवड्यात दिवस सव्वाअकरा तासांचा असतो, आणि जॉर्डनने 2022 पासून उन्हाळी वेळ वर्षभर ठेवल्याने सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. सहा जणांचा गट प्रत्येक टप्प्यावर थांबतो, हे गणित आम्ही केले नव्हते. बारा वाजले तेव्हा घुमटांचा प्रदेश नुकताच सुरू झाला होता. माथा दिसत होता, वारा वाढत होता. अटीप्रमाणे परत फिरायचे होते. शिक्षकांनी अर्धा तास वाढवून मागितला. परिचारिकेने काही न बोलता हार्नेसला उतराईचे साधन लावायला घेतले आणि चर्चा संपली.

उतरताना दुसऱ्या रॅपलिंगला दोर एका भेगेत अडकला. तो सोडवायला शिक्षक आणि वाटाड्याला सव्वा तास लागला. शेवटचे दोन टप्पे दिव्यांच्या उजेडात झाले. कोणाला खरचटलेही नाही, पण गावात पोहोचल्यावर अण्णांना चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

आठव्या दिवशी सोपी चढाई करून आम्ही परतलो. खर्च अंदाजापेक्षा प्रत्येकी साधारण अठरा हजार रुपयांनी वाढला. त्यातला बराचसा वाटाड्याचा आणि विम्याचा, आणि त्यातला एकही रुपया मला वाया गेलेला वाटत नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक सप्टेंबरची. तारखा हलणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर ‘फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कुठला कातळ हंगामात असतो’ हाच प्रश्न विचारायला हवा होता. त्याचे उत्तर ओमान येते. लवकर वाळणारी चुनखडी, चौघांच्या सवयीचे बोल्ट, आणि मस्कतमधले घर. वादी रम एप्रिल किंवा ऑक्टोबरसाठी राखून ठेवता आले असते, आणि तोपर्यंत चौघांच्या हाताखालून एक हंगाम साधने गेली असती.

दुसरी चूक चाचणीची. बदामीत साधने ओढून पाहिली ते योग्यच होते. पण सहा जणांना मिळून एक टप्पा चढायला आणि उतरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले असते, तर जबल रम यादीत आलाच नसता. सहाऐवजी तीन-तीनचे दोन गट करून दोन वाटाडे घेणे हा उपाय नंतर सुचला. पैशाने जड, पण हमदच्या वाटेवर तो कदाचित पुरला असता.

तिसरी बाब मतदानाची आहे आणि तिच्याविषयी गटात आजही एकमत नाही. माझे म्हणणे असे की ज्या बाबतीत धोका सगळ्यांचा असतो तिथे सर्वांत सावध माणसाच्या मताला नुसत्या संख्येपेक्षा जास्त वजन हवे. अभियंत्याला हे पटते. शिक्षकांना पटत नाही. सगळ्यात सावध माणसाचे ऐकत गेलो असतो तर आपण अजून राजहंसगडावरच असतो, असे ते म्हणतात. अण्णांनी या वादात भाग घेतलेला नाही. रकाबत घळीतून बाहेर पडतानाचे आपले एक छायाचित्र त्यांनी मोठे करून घेतले आहे आणि ते बैठकीच्या खोलीत लावले आहे.

परिचारिकेने मामेभावाला पुढच्या जानेवारीसाठी विचारून ठेवले आहे. वाटाड्याचा प्रश्न या वेळी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला असून त्यापुढचा आकडा सध्या चार आहे.